पानाच्या मधली तिकिटे

आधी माझा वाटा स्पष्ट करते आणि मगच चहाला हात लावते. विमलवहिनींच्या अपिलाला लागणारी कोर्ट फीची तिकिटे मी स्वतः निवडली, मी स्वतः चिकटवली आणि ती सुरक्षित राहावीत म्हणून जे काही करायचे तेही मीच केले. वकिलांनी मला तसे करायला सांगितले नव्हते. विमलवहिनींनी शंका काढली, तेव्हा मी त्यांना गप्प बसवले. त्यामुळे त्या दिवशी कोर्टात जे घडले, त्याचे श्रेय वाटून घ्यायला दुसरे कोणीही नाही.

आता हे सांगावे कसे, हा खरा प्रश्न आहे. मी उभी हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवली. स्वतःची चूक सांगायचा मला सराव नाही. तरी प्रयत्न करते. मध्ये कोणी हसू नये. शेवटी हसायला वेळ देईन.

मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या गल्लीतले मंडळ गणपतीचा अहवाल छापण्याआधी मला दाखवते. एका वर्षी दाखवला नाही, तेव्हा छापल्यानंतर मी त्यांना दाखवला. तेव्हापासून गल्लीत कोणाचाही कागद असो, तो माझ्या टेबलावरून पुढे जातो. विमलवहिनींच्या अपिलाचे कागदही असेच माझ्याकडे आले.

विमलवहिनी म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या खाणावळीच्या मालकीण. माहेर गगनबावड्याकडचे. यजमान गेल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत चूल मांडली आणि पाहता पाहता कॉलेजची मुले, बँकेतले शिपाई, एकटे राहणारे म्हातारे अशी पंगत जमवली. निवृत्तीनंतर मीही दुपारची तिथेच जेवते. झुणक्यात मीठ कमी-जास्त झाले तर सांगते. वहिनी ऐकून घेतात आणि पुढच्या खेपेस तसाच झुणका करतात.

तर घरमालकाला ती खोली मोबाइलच्या दुकानासाठी हवी होती. दावा चालला, निकाल मालकाच्या बाजूने लागला. वरच्या कोर्टात अपील करायचे, तर मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला होता. त्या दिवशी अपील आणि स्थगितीचा अर्ज दाखल झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बेलीफ खोलीचा ताबा घ्यायला येणार होता. वहिनींनी आदल्या दिवशी मला विचारले होते, “बाई, पातेली बांधून ठिवू का?”

मी म्हटले होते, “एकही पातेले जागचे हलवायचे नाही. मी आहे.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते विसरता येत नाही.

त्याच सुमारास मी वर्तमानपत्रात कुठल्याशा लांबच्या जिल्ह्याची बातमी वाचली होती. कोर्ट फीचे तिकीट अर्जावर चिकटवतात, हे तुम्ही पाहिले असेल. तिकीट म्हणजे कोर्टाची फी. अर्ज आत गेला की कारकून त्या तिकिटाला यंत्राने भोक पाडतो. भोक पडले की तिकीट संपले. पण एखाद्या तिकिटाला भोक पाडायचे राहून गेले, तर ते कोणी पाण्यात भिजवून सोडवतो, सुकवतो, इस्त्री करतो आणि दुसऱ्याला नवे म्हणून विकतो. सरकार एकदाच फी घेते आणि अर्ज मात्र दोन दाखल होतात! म्हणजे एकाच उत्तरपत्रिकेवर दोन विद्यार्थी उत्तीर्ण! मला दोन दिवस अन्न गोड लागले नाही. वहिनींना वाटले, झुणका बिघडला.

वकिलांनी सुचवले होते की, फी ऑनलाइन भरू. पाटील वकील हुशार गृहस्थ आहेत, पण तरुण आहेत. मी त्यांना सांगितले की, जी वस्तू हातात धरून उजेडाकडे करता येत नाही, तिच्या खरेपणाची ग्वाही मी देणार नाही. तिकिटे मी आणीन. त्यांना दुसऱ्या कोर्टात तारीख होती. त्यांनी मान डोलावली. वकिलाने एवढ्या सहज मान डोलावू नये, असे मला आता वाटते.

कोर्टाच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली अण्णाप्पा बसतात. परवानाधारक मुद्रांक विक्रेते. छत्री, टेबल, पत्र्याची पेटी. समोर आठ-दहा माणसांची रांग. मी रांगेत उभी राहिले. वशिला मला मान्य नाही. नंबर आला.

“काय देऊ, आक्का?”

मी त्यांना सांगितले की, मला सगळे बाई म्हणतात. आणि कोणकोणती तिकिटे हवीत ते सांगितले. त्यांनी पेटीतून सुटी तिकिटे काढून समोर ठेवली. मी चष्मा बदलला. पिशवीतले भिंग काढले. पहिले तिकीट उजेडाकडे धरले, उलटे केले, कडा तपासल्या, पाठीमागचा डिंक बोटाने पाहिला. दुसरे घेतले.

अण्णाप्पा थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “बाई, तिकीट हाय ते. पोरीला स्थळ आल्यागत काय निरखाय लागलाय?”

मागे रांग हसली. मी हसले नाही. मी विचारले, “याचा डिंक इतका कमी का?”

“हवा दमट हाय. माझाबी डिंक कमी झालाय.”

“आणि याचा हा कोपरा किंचित दुमडलेला आहे.”

“पेटीत ऱ्हातंय, बाई. पाळण्यात न्हाय.”

अशा उत्तरांनी मी विचलित होत नाही. बेचाळीस मुलांच्या वर्गाने मला याहून वाईट उत्तरे दिलेली आहेत. मी शांतपणे म्हटले की, सुटी तिकिटे नकोत. अख्खे पान काढा आणि त्यातली मधली फाडून द्या. यामागे माझा तर्क होता आणि तो आजही बिनचूक आहे. पानाच्या मधले तिकीट चारही बाजूंनी शेजाऱ्यांना जोडलेले असते. ते आधी कुठे चिकटलेले असणे शक्यच नाही.

अण्णाप्पांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी वांगी निवडताना प्रत्येक वांग्याच्या पोटात सुरी खुपसून पाहते आहे. “मधली काढली तर पानाला खिडकी पडंल की. मग कडंची कोण घेनार, माझी बायको?”

मी म्हटले, “कायद्याने मला ती मागता येतात.” खरे तर कायद्यात असे काही आहे की नाही, मला ठाऊक नव्हते. पण हे वाक्य ज्या आवाजात मी म्हटले, त्या आवाजात आजवर कोणी मला प्रतिप्रश्न केलेला नाही. त्यांनी पान काढले, चरफडत मधली तिकिटे फाडली आणि माझ्या हातावर ठेवली.

इथे थांबले असते तर! पण मागच्या रांगेला आपण अंधारात ठेवावे, हे मला पटेना. मी वळले आणि प्रार्थनेनंतर सूचना द्यायची त्या आवाजात सर्वांना सांगितले की, वापरलेली तिकिटे धुऊन विकणारे लोक असतात. सावध राहा, उजेडाकडे धरून पाहा, शंका आली तर पानाच्या मधलेच मागा.

मग काय विचारता? पन्हाळ्याहून आलेले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आधीच तिकीट घेऊन निघाले होते, ते परत आले. “पावणं, माझं बदलून द्या. मला मधलं पायजे.” त्यांच्या मागच्या बाईंनाही मधलेच हवे होते. सगळ्यांनाच मधले हवे होते. थोड्या वेळात अण्णाप्पांच्या पेटीतल्या एकेका पानाची फोटो नसलेली चौकट झाली. शेवटी कोणीतरी विचारले, “ही धुतलेली न्हाईत हे कशावरनं?” त्यावर अण्णाप्पांनी पेटी धाडकन मिटली, छत्री मिटली आणि म्हणाले, “बास झालं. आज दुकान बंद. जावा त्या बाईंच्याकडनं घ्या.”

आणि ते खरोखरच निघून गेले. मला काय वाटले सांगू? मला वाटले, चोराच्या मनात चांदणे पडले.

तुम्ही हसलात. मी आधीच सांगितले होते.

आता मुख्य भाग. वकील वरच्या मजल्यावर तारखेत अडकले होते. मी आणि वहिनी आवारातल्या बाकावर बसलो. कागद मी मांडीवर घेतले: अपील, स्थगितीचा अर्ज, वकीलपत्र. पिशवीतून जॅमची बाटली काढली. तिच्यात मी घरून मैद्याची खळ करून आणली होती, चिमूटभर मोरचूद घालून. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तके आम्ही याच खळीने बांधत असू. कागद फाटेल, पण जोड सुटणार नाही, अशी ती खळ. पाण्यात भिजवून तिकीट सोडवणाऱ्या भामट्याची माझ्या खळीशी गाठ पडू दे, अशा आनंदात मी एकेक तिकीट बसवले आणि रुमालाने दाबले.

पण मनाचे समाधान होईना. अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीतून आत पाहिले, तर आलेले अर्ज टेबलावर एकावर एक ठेवलेले दिसत होते आणि भोक पाडण्याचे यंत्र बाजूला निवांत पडले होते. म्हणजे अर्ज देणे आणि भोक पडणे यांच्यात बराच वेळ जाणार! तेवढ्यात कोणी हात मारला तर?

इथे एक गोष्ट सांगते. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना ती ठाऊक आहे. उत्तरपत्रिका तपासताना विद्यार्थ्याने सोडलेली कोरी जागा शिक्षक कधीही तशीच ठेवत नाही. तिच्यावर लाल शाईने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारतो आणि सही करतो. का? तर नंतर कोणी त्यात उत्तर घुसडू नये. मी माझ्या आयुष्यात अशा किती रेघा मारल्या असतील याची गणती नाही. हात आपोआप जातो. हॉटेलच्या बिलाच्या खालच्या कोऱ्या भागावरही जातो.

मी पर्समधून लाल पेन काढले. प्रत्येक तिकिटावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुंदर, सरळ, तिरकी रेघ मारली. खाली सही केली. सहीखाली तारीख घातली.

वहिनी शेजारून पाहत होत्या. त्यांनी हळूच विचारले, “बाई, ह्याच्यावर असं लिव्हलेलं चालतंय न्हवं?”

मी म्हटले, “वहिनी, आता ही तिकिटे जगातला कोणताही चोर वापरू शकणार नाही.”

माझे हे विधान शंभर टक्के खरे होते.

आम्ही खिडकीपाशी गेलो. आतल्या कारकुनाने कागद घेतले, पहिले पान पाहिले, दुसरे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कागद घेऊन आतल्या टेबलाकडे गेला. तिथे त्याच्या वरिष्ठ बसल्या होत्या. मगदूम मॅडम. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची साडी, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. पाहताच मला त्यांच्याविषयी आदर वाटला. कारकून त्यांना हलक्या आवाजात सांगत होता, पण माझे कान शिक्षकाचे आहेत. मी स्पष्ट ऐकले: “मॅडम, ही तिकिटं वापरलेली आहेत.”

पाहिलेत? माझ्या सर्वांगातून वीज गेली. भिंगातूनही मला जे दिसले नव्हते, ते या लोकांनी एका नजरेत ओळखले! अण्णाप्पा पेटी मिटून का पळाले, हे आता उघड होते. मी वहिनींचा हात दाबला आणि म्हटले, “सापडला.”

वहिनींचा चेहरा मात्र उतरला. “म्हंजे आता अपील?”

मी म्हटले, आधी गुन्हेगार, मग अपील. मगदूम मॅडम खिडकीशी आल्या, तेव्हा मी त्यांना बोलूच दिले नाही. सांगितले की, मला हे अपेक्षित होते, मी सकाळपासून या प्रकाराच्या मागावर आहे, आणि ज्याने हे केले त्याची कोणत्याही परिस्थितीत गय करू नका. वय पाहू नका, ओळख पाहू नका. मी एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्याने तक्रार लिहिली. विषय, संदर्भ, दोन परिच्छेद. “सदर व्यक्तीवर कठोर कारवाई व्हावी, जेणेकरून इतरांना जरब बसेल,” असा समारोप केला. आरोपीच्या नावापुढे जागा सोडली आणि कंसात लिहिले, “चौकशीअंती भरावे.”

मॅडमनी तक्रार पूर्ण वाचली. मग आमचे कागद माझ्यासमोर ठेवले.

“ही रेघ कुणी मारली?”

“मी.”

“आणि सही?”

“माझीच. सुवाच्य आहे.”

“सुवाच्य आहे म्हणूनच विचारते. तारीख?”

“आजची. पण रेघ महत्त्वाची नाही. मूळ मुद्दा असा की…”

“बाई, तिकिटं नवी आहेत. रेघ तुमची आहे. भोक पाडलं काय आणि रेघ मारून सही केली काय, तिकीट रद्द म्हणजे रद्द. तुम्ही असं का केलंत?”

“कोणा चोराला ती वापरता येऊ नयेत म्हणून.”

“मग आता ती तुम्हाला तरी कशी वापरता येतील?”

मी तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले. आयुष्यात मी असंख्य मुलांना फळ्यासमोर अशा अवस्थेत उभे केले आहे. त्यांना आतून कसे वाटत असावे, हे मला त्या दिवशी कळले.

तेवढ्यात पाटील वकील जिना उतरून धापा टाकत आले. त्यांनी तिकिटे पाहिली आणि भिंतीला टेकले. मग एक तिकीट नखाने सोडवून पाहू लागले. मी त्यांना खळीविषयी सांगितले. मोरचुदाविषयीही सांगितले. ते म्हणाले, “बाई, एक मिनिट काही बोलू नका.” एवढ्या वर्षांत मला असे कोणी सांगितले नव्हते. मी खळीची बाटली पिशवीत ठेवली.

मग एक अखेरचा उपाय मी करून पाहिला. कोल्हापुरात कोणत्याही कार्यालयात जा, एखादा तरी माझा विद्यार्थी निघतोच. मी शक्य तितक्या मायेने विचारले, “मगदूम मॅडम, तुमचे शिक्षण कोणत्या शाळेत झाले?”

“जयसिंगपूरला.”

संपले. मी तरीही विनंती केली. म्हटले की हेतू चांगला होता, तुम्हाला दिसतेच आहे, तिकिटे नवी आहेत हे तुम्हीच मान्य करता. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, “बाई, तुमची रेघ पाहून ही मी घेतली, तर उद्या रेघ मारलेली दहा तिकिटं माझ्यासमोर येतील. त्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणू? बाजूला नवी तिकिटं लावा. कागद लगेच घेते. खिडकी बंद व्हायच्या आत या.”

त्यांच्या खुर्चीत मी असते, तर मीही हेच म्हटले असते. फक्त एवढ्या सौम्यपणे म्हटले नसते.

वकिलांनी मोबाइलवर ऑनलाइन फी भरायचा प्रयत्न केला. पडद्यावर चक्र फिरत राहिले. सर्व्हर बंद. आता तिथे तिकिटे देऊ शकणारा एकच माणूस होता आणि त्याला मी सकाळी सर्वांसमक्ष पळवून लावले होते.

वहिनी फक्त म्हणाल्या, “बाई, पातेली बांधायला लई वेळ लागतोय बघा. समद्यांत मोठं हाय ते तर दोघांबिगर उचलत न्हाय.”

मी साडीचा पदर खोचला आणि निघाले.

अण्णाप्पा फाटकासमोरच्या चहाच्या गाडीपाशी बाकावर बसले होते. कागदात भडंग घेऊन खात होते. पेटी मांडीवर, छत्री शेजारी. मला पाहून त्यांनी भडंगातला शेंगदाणा काढला, उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला आणि तोंडात टाकला.

मी सांगितले की, मला पुन्हा तिकिटे हवी आहेत.

“मघाशी नेली ती?”

“ती… रद्द झाली.”

“कुनी केली?”

सांगावेच लागले. गाडीवरचा चहावाला किटली हातात धरून ऐकू लागला. पन्हाळ्याचे ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थही तिथेच होते. अण्णाप्पांनी सगळे ऐकून घेतले, भडंगाचा कागद झटकला, घडी घातली आणि विचारले, “मधली पायजेत का कडंची?”

“कडेची चालतील.”

“मधली संपली. तुमच्याच कृपेनं.”

“म्हणूनच म्हटले, कडेची चालतील.”

“भिंग आनलंय न्हवं? निरखून घ्या की.”

“नको.”

“मघाशी समद्यांच्या म्होरं काय बोलला हुतासा?”

हे योग्यच होते. जे रांगेसमोर बोलले, ते रांगेसमोरच मागे घ्यायला हवे. मी तिथल्या मंडळींकडे वळले आणि त्याच आवाजात सांगितले की, अण्णाप्पांची तिकिटे खरी आहेत, माझा संशय चुकीचा होता, आणि आज या आवारात तिकिटे निकामी केली ती एकट्या मीच. पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी टाळी वाजवली. ती कौतुकाची होती की करमणुकीची, हे मी तपासले नाही.

अण्णाप्पांना अजून काही ऐकायचे असावे. पण मागून वहिनी आल्या. “अण्णा, तुमचं भांडान मागनं काढा. आज ह्ये झालं न्हाय तर सकाळी बेलीफ येतोय. खानावळ जातीया माझी.”

अण्णाप्पा उठलेच. “आवं, मग ह्ये आदी सांगायचं न्हवं का? मी हितं शेंगदाना धरून बसलोय!” गाडीच्या फळीवरच त्यांनी पेटी उघडली. एका चौकटीच्या कडेची तिकिटे भराभर फाडली आणि आमच्या हातात देण्याऐवजी ती घेऊन स्वतःच फाटकातून आत धावले. पुढे अण्णाप्पा, मागे वहिनी, त्यामागे मी. शाळेत मी मुलांना व्हरांड्यात पळू देत नसे.

खिडकी उघडी होती. मगदूम मॅडम उभ्याच होत्या. वकिलांनी जुन्या तिकिटांशेजारी नवी लावली, माझी खळ न वापरता. जुनी विचारात घेऊ नयेत, असे कडेला लिहून सही केली. मॅडमनी कागद पाहिले, होकार दिला आणि कारकुनाने ते उचलून दिवसभराच्या ढिगावर ठेवले.

वहिनींनी हात जोडले. वकिलांनी मला कोपराला धरून वळवले. आणि मी, काय करू हो, स्वभाव! मी विचारले, “या सगळ्यांना भोक कधी पाडणार?”

कारकून म्हणाला, “संध्याकाळी, सगळ्यांना एकदम.”

“तोपर्यंत ढीग इथेच? उघड्या खिडकीपाशी?”

पाटील वकिलांनी डोळे मिटले. अण्णाप्पा पुटपुटले, “आता ही बाई परत तिकिटं आनायला लावतीया.” मगदूम मॅडमनी आधी ढिगाकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. मग त्यांनी आमचे कागद ढिगावरून उचलले, यंत्र हातात घेतले आणि माझ्या डोळ्यांसमोर एकेका तिकिटाला भोक पाडले. कटक. कटक. कटक. इतका गोड आवाज मी शाळा सुटल्याच्या घंटेतही ऐकलेला नाही.

भोकातून पडलेल्या टिकल्या त्यांनी डब्यात टाकल्या. मी विचारले, यांचे काय करता? “जाळतो,” त्या म्हणाल्या. मी विचारले, “कोणासमोर?” त्यावर वकील म्हणाले, “बाई, चला.” पण मॅडम पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, “तुमची तक्रार माझ्याकडं राहिलीय. आरोपीचं नाव भरू का?”

मी ती परत मागितली. त्यांनी ती फाडून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांनी स्थगिती मिळवली. बेलीफ ठरल्याप्रमाणे आला, स्थगितीची बातमी ऐकली, आतून येणारा वास घेतला आणि विचारले, राइस प्लेट आहे का. जेवून, पैसे देऊन गेला. अपील अजून चालायचे आहे, पण त्या मोठ्या पातेल्याला कोणी हात लावलेला नाही.

त्या रविवारी वहिनींनी सर्वांना जेवायला बोलावले. मगदूम मॅडम आल्या, पाटील वकील आले, अण्णाप्पा धुतलेला सदरा घालून आले. जेवणानंतर, माझ्या सूचनेवरून, रीतसर बोलणे झाले आणि काही गोष्टी ठरल्या. अर्ज हातात आला की पक्षकाराच्या देखत तिथल्या तिथे तिकिटाला भोक पाडायचे. मॅडमनी हे त्या दिवसापासून सुरू केलेच होते, आणि खिडकीशेजारी ‘तिकिटे रद्द करण्याचे काम कार्यालयाचे आहे, पक्षकाराने करू नये’ अशी पाटी लावण्याचेही त्यांनी मान्य केले. मी पाटीचा मजकूर तपासून देईन म्हटले, तर त्या म्हणाल्या, तपासून झालाय. अण्णाप्पांनी कबूल केले की, पान कडेपासून ओळीने फाडायचे आणि मधल्याचा हट्ट धरणाऱ्याला, मग ती मी का असेना, रांगेच्या शेवटी पाठवायचे.

शेवटचा ठराव वहिनींनी मांडला. कोर्टात जाताना बाईंचे लाल पेन खाणावळीत, मिसळणाच्या डब्यात राहील. चारही हात एकदम वर गेले.

मी म्हटले की, ठरावाच्या भाषेत मला एक दुरुस्ती सुचवायची आहे.

“सुचवा की,” मगदूम मॅडम म्हणाल्या आणि पर्स उघडून त्यांनी मला पेन्सिल दिली.

मग मीही हात वर केला.